तिसऱ्या छिद्राची खोटी ग्वाही

पावसाळ्याआधीचे हे दिवस घराच्या डागडुजीचे. कौले चाळून घ्यायची, पन्हळी साफ करायच्या, भिंतींना रंगाचा एक हात द्यायचा, हे सगळे आपल्या लक्षात असते. मुंबईहून, कुवेतहून माणसे सुट्टीवर येतात, याच दिवसांत निकाह ठरतात, म्हणून घर सजवलेही जाते. या गडबडीत एक वस्तू मात्र कोणाच्या नजरेत येत नाही. ती म्हणजे भिंतीवरचा विजेचा जुना सॉकेट, ज्याला आपण बोलताना नुसता ‘प्लग’ म्हणतो आणि ज्यात पिन खोचतो. आणि समजा नजरेत आलाच, तर तो बदलताना आपण नेमके काय बदलतो, हा प्रश्न उरतोच. या महिन्यात त्याविषयी चार शब्द.

रत्नागिरी-रायगडच्या खाड्यांकाठी असलेल्या आपल्या वस्त्यांतली जुनी घरे डोळ्यांसमोर आणा. जांभ्या दगडाच्या जाड भिंती, वर माडी, पुढे पडवी, मागे न्हाणी. अशा कितीतरी घरांत घर आधीचे आणि वीज नंतरची. वीज आली तेव्हा भिंत न फोडता सागवानी पट्ट्या ठोकून त्यांवरून वायर फिरवली गेली. त्या पट्टीच्या शेवटी लाकडी ठोकळ्यावर काळा किंवा तपकिरी बॅकेलाईटचा बोर्ड बसला आणि त्यावर दोन छिद्रांचा सॉकेट आला. त्या काळी घरात विजेवर चालणारे होते तरी काय? चार दिवे, एखादा पंखा आणि लाकडी पेटीतला रेडिओ. त्या कामाला दोन वायरी पुरत होत्या. एकीतून वीज यायची, ती फेज. दुसरीतून परत जायची, ती न्यूट्रल. ज्यांनी ते काम केले त्यांनी त्या काळाच्या गरजेपुरते ठीकच केले.

आज त्याच भिंतीवर फ्रिज चालतो, धुण्याचे यंत्र चालते, गिझर, मिक्सर, इस्त्री, विहिरीवरचा पंप चालतो. यांतल्या बहुतेक वस्तूंना धातूचे अंग असते आणि निम्म्यांचा पाण्याशी संबंध असतो. म्हणून या वस्तूंच्या पिनला तीन पाय असतात. तिसरा पाय बाकी दोघांपेक्षा लांब आणि जाड असतो, हे मुलांना विचारा, त्यांना ठाऊक असते. तो लांब का असतो, हे मात्र घरातल्या मोठ्यांनाही सहसा सांगता येत नाही. लांब अशासाठी की पिन आत जाताना तो सर्वांत आधी जोडला जावा आणि बाहेर काढताना सर्वांत शेवटी सुटावा. म्हणजे यंत्रात वीज शिरण्याच्या आधी संरक्षण हजर आणि वीज गेल्यानंतरच संरक्षणाने जायचे. जाड अशासाठी की तो चुकूनही फेजच्या छिद्रात शिरू नये. आपल्याकडे ही गोल पायांची पद्धत इंग्रजांकडून आली. ५ आणि १५ अँपिअर अशी तिची दोन मापे होती, आज ती ६ आणि १६ अँपिअर म्हणून विकली जातात. खुद्द इंग्लंडने नंतर चौकोनी पाय स्वीकारले, गोल पाय आपल्याकडे राहिले.

हा तिसरा पाय अर्थिंगचा. त्याच्यामागची वायर घराबाहेर जमिनीत पुरलेल्या नळीपर्यंत किंवा पत्र्यापर्यंत गेलेली असते. फ्रिजच्या आत एखाद्या वायरीचे वेष्टण झिजले आणि तिचा स्पर्श धातूच्या अंगाला झाला, तर ती वीज या वायरीने जमिनीत जाते, फ्यूज उडतो आणि आपल्याला कळते की काही बिघडले आहे. ही वायर नसेल तर फ्यूज उडत नाही. फ्रिज थंडही होत राहतो. त्याच्या अंगावर आलेली वीज जमिनीत जायची वाट पाहत थांबते आणि ती वाट म्हणजे दार उघडायला आलेला माणूस.

आता आमच्या मूळ मुद्द्यावर येतो. घराला रंग देताना आपण वायरमनला सांगतो, “जुने प्लग काढून नवे लाव, तीन पिनचे लाव.” तो पांढरेशुभ्र नवे बोर्ड आणतो, जुन्याच दोन वायरी नव्या सॉकेटला जोडतो, पट्टी घट्ट करतो, दिवा लावून दाखवतो आणि पैसे घेऊन जातो. भिंतीवर आता तीन छिद्रे दिसतात. मागे वायरी दोनच. तिसऱ्या छिद्रामागे काही नाही.

यापेक्षा जुना दोन छिद्रांचा सॉकेट बरा होता, असे आम्ही म्हणू, कारण तो खरे बोलत होता. त्याच्याकडे पाहून कोणालाही कळत होते की इथे तीन पायांची वस्तू लावायची सोय नाही. नव्या सॉकेटचे तिसरे छिद्र एक ग्वाही देते. इथे अर्थिंग आहे, निर्धास्त हात लावा, असे ते घरातल्या प्रत्येकाला सांगते. मागे वायर नसेल तर ती ग्वाही खोटी. खोटी साक्ष देणे हे आपल्या दीनमध्ये मोठ्या गुनाहांत मोजले आहे. भिंतीवरच्या या खोट्या साक्षीने जीव जाऊ शकतो, म्हणून तिच्याकडे ‘चालतंय की’ म्हणून पाहू नये, एवढेच आमचे म्हणणे आहे.

काही मिस्त्री याहून पुढे जातात. सॉकेटच्या आत ते वायरीचा एक छोटा तुकडा घेऊन न्यूट्रल आणि तिसरे छिद्र एकमेकांना जोडून देतात. मग तपासणीचा बल्ब फेज आणि अर्थिंगमध्ये धरला की झकास पेटतो आणि घरमालक खूश होतो. बल्ब पेटला म्हणजे अर्थिंग आहे, असे मुळीच समजू नका. न्यूट्रलशी जोडले असले तरी तो तितक्याच जोरात पेटतो. ही जोडणी अर्थिंग नसण्यापेक्षाही वाईट. वादळात खांबापासून येणारी न्यूट्रल तुटली, तर चालू असलेल्या यंत्रातून फिरून वीज थेट त्याच्या धातूच्या अंगावर येते. दुरुस्ती करताना खांबावर फेज आणि न्यूट्रलची अदलाबदल झाली, तर फ्रिज, धुण्याचे यंत्र, गिझर या सगळ्यांचे अंग एकाच क्षणी २३० व्होल्टचे होते. कोकणातल्या पावसात वायर तुटणे आणि घाईने जोडली जाणे किती नेहमीचे आहे, हे वेगळे सांगायला नको.

जुन्या घरांत कोणी पाण्याच्या लोखंडी पाईपला अर्थिंग जोडलेले असते. तेव्हा पाईप जमिनीतून यायचा. आता मधला तुकडा प्लास्टिकचा झाला असेल, तर ती वायर जमिनीपर्यंत पोहोचतच नाही. ती फक्त न्हाणीच्या नळापर्यंत पोहोचते. पुढचे सांगायला नको.

आता घरातल्या एका वाक्याविषयी बोलू या. धुणे लावताना, फ्रिजचे दार उघडताना, न्हाणीतल्या नळाला हात लावताना झिणझिण येते, अशी तक्रार सून करते, अम्मी करतात, कामाला येणारी बाई करते. त्यावर घरातल्या पुरुषांचे ठरलेले उत्तर असते : “चप्पल घालून हात लाव.” हे उत्तर इतके सर्रास झाले आहे की काही घरांत फ्रिजसमोर रबरी चपलांचा एक जोड कायमचाच पडलेला असतो. तो जोड म्हणजे घरातले अर्थिंग बिघडल्याची नोटीसच आहे, फक्त ती कोणी वाचत नाही. स्वयंपाकघरात आणि न्हाणीत दिवसाचे तास जाणारी व्यक्ती अनवाणी असते, हात ओले असतात, जमीन ओली असते. वजू करून आलेली माणसे ओल्या पायांनीच घरात वावरतात. धोका कोणाला जास्त आहे, हे लक्षात घ्या आणि त्या घरात खर्चाचा निर्णय कोण घेतो, तेही लक्षात घ्या. ज्याला झिणझिण येत नाही, त्याच्या हातात पैसा असतो. म्हणून काम राहून जाते.

झिणझिण आणि मृत्यू यांत अंतर किती? आकडे पाहा. छातीतून ३० ते ५० मिलीअँपिअर प्रवाह काही सेकंद गेला तर हृदयाची लय बिघडून जीव जाऊ शकतो. १० वॅटच्या साध्या एलईडी बल्बमधून साधारण एवढाच प्रवाह जातो. आणि मीटरजवळचा ६ अँपिअरचा एमसीबी पडायला ६,००० मिलीअँपिअरहून जास्त प्रवाह लागतो. “आम्ही फ्यूज काढून एमसीबी बसवला आहे, आता शॉक लागत नाही,” असे जे सांगतात, त्यांनी हे दोन आकडे शेजारी ठेवून बघावेत. एमसीबी वायरीला वाचवतो. माणसाला वाचवायला दुसरे उपकरण लागते, त्याचे नाव आरसीसीबी. बाजारात जुने लोक त्याला ईएलसीबी म्हणतात. फेजने जितकी वीज घरात गेली तितकी न्यूट्रलने परत आली का, याचा ते सतत हिशेब ठेवते. घरासाठीच्या उपकरणाचे माप ३० मिलीअँपिअर. हिशेबात तेवढी तूट आली, म्हणजे वीज कोणाच्या तरी अंगातून किंवा भिंतीतून बाहेर जाते आहे, की ते डोळ्याचे पाते लवायच्या आत पुरवठा तोडते. साधारण एका मिक्सरच्या किमतीत ते मिळते.

शॉक ही एक बाजू. आग ही दुसरी. सहीह बुखारीत नोंदलेली प्रेषित मुहम्मद (स.) यांची एक शिकवण आपल्यापैकी अनेकांनी ऐकली असेल. रात्री झोपताना दिवे विझवा, कारण उंदीर वात ओढून नेऊन घरातल्या माणसांसकट घर जाळू शकतो, असा तिचा आशय. चौदाशे वर्षांपूर्वी घरातला उजेड म्हणजे तेलाचा दिवा होता आणि त्यातला धोका इतक्या बारकाईने सांगितला गेला. आज वात नाही, पण उंदीर तोच आहे. माळ्यावर, कौलांखाली, लाकडी पट्टीच्या आड तो वायरीचे वेष्टण कुरतडतो. शिकवणीचा गाभा घरातल्या आगीच्या मुळाशी लक्ष ठेवण्याचा आहे आणि आजच्या घरात ते मूळ बहुतेकदा वायरीत आणि सॉकेटमध्ये असते.

जुना सॉकेट आगीचे कारण कसा होतो? वर्षानुवर्षे पिन आतबाहेर होऊन त्यातली पितळी पाती सैल पडतात. पिन नीट पकडली जात नाही, मधे ठिणगी उडते, तिथे उष्णता साठते. सॉकेट पिवळा पडणे, काळा डाग दिसणे, हात लावल्यावर गरम लागणे, जळक्या मासळीसारखा किंवा जळक्या प्लास्टिकचा वास येणे, पिन आपोआप खाली झुकणे, खटका दाबताना चर्र आवाज येणे, यांपैकी एक जरी खूण दिसली तरी तो सॉकेट त्या दिवसापासून बंद ठेवावा. काही घरांत वायर तांब्याची नसून ॲल्युमिनियमची आहे. ती स्क्रूखाली हळूहळू सैल होते, तिच्यावर थर चढतो आणि सांधा तापतो. अशा वायरीला नवा सॉकेट जोडणे म्हणजे फाटक्या पोत्याला नवे तोंड शिवणे.

दुसरे कारण भाराचे. हिशेब सोपा आहे, वॅटला २३०ने भागा, अँपिअर मिळतात. १,००० वॅटची इस्त्री साधारण ४.३ अँपिअर घेते, ती ६ अँपिअरच्या सॉकेटवर चालेल. १,५०० वॅटची पाणी तापवायची किटली किंवा रॉड ६.५ घेतो, तो चालणार नाही. २,००० वॅटचा गिझर किंवा इंडक्शन शेगडी ८.७ घेते. ३,००० वॅटचा झटपट गिझर १३ घेतो. हे सगळे १६ अँपिअरचे, म्हणजे जाड पायांच्या सॉकेटचे काम. छोट्या पायांचा ॲडाप्टर लावून ते ६ अँपिअरवर चालवले तर वस्तू चालते, सॉकेट वितळतो. रमजानच्या सेहरीला एकाच मल्टिप्लगवर किटली, मायक्रोवेव्ह आणि इंडक्शन असा थाट अनेक घरांत दिसतो. झोपेत असलेले घर आणि तापलेला मल्टिप्लग, ही जोडी चांगली नव्हे.

आखातातून येणाऱ्या सामानाचा वेगळा उल्लेख करायला हवा. दुबई, मस्कत, कुवेत, दोहा इथे चौकोनी तीन पायांची पिन चालते. त्या पिनच्या पोटात फ्यूज असतो आणि तिथल्या सॉकेटची छिद्रे आतून झाकलेली असतात, लांब पाय आत गेला की मगच झाकण उघडते. सुट्टीवर येणारा भाऊ मोठ्या हौसेने इस्त्री, मिक्सर, केक भाजायची भट्टी आणतो. इथे ती दोन पायांच्या स्वस्त ॲडाप्टरमध्ये खोचली जाते आणि सोबत आलेले अर्थिंगचे संरक्षण तिथेच संपते. आपल्याकडेही झडपेचे सॉकेट मिळतात. त्यांत दोन पायांची पिन जात नाही म्हणून वरच्या छिद्रात पेन्सिल किंवा पेनचे टोपण घालून झडप उघडायची युक्ती लहान मुलेसुद्धा मोठ्यांकडून शिकतात. ही युक्ती ज्या घरात चालते, तिथे मूल उद्या पेन्सिलीच्या जागी पिनही घालून पाहील.

मग काम करायचे कसे? क्रम महत्त्वाचा आहे, कारण पैसे मोजके असतात आणि आपण नेमकी उलटी सुरुवात करतो, शोभेच्या पट्ट्यांपासून.

पहिले काम मीटरजवळचे. जुना किटकॅट फ्यूज असेल, त्यात कोणी जाड तार गुंडाळली असेल, तर तो काढून एमसीबी आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी बसवावा. घरभर वायर बदलायला या वर्षी पैसे नसले तरी एवढे आधी करावे, कारण माणसाचा जीव वाचवायला आरसीसीबीला अर्थिंगच्या वायरीची गरज नसते. मात्र अर्थिंग असेल तर तो माणसाने हात लावण्याआधीच पडतो, हा मोठा फरक आहे. एक गोष्ट सांगून ठेवतो. जुन्या ओलसर वायरिंगवर आरसीसीबी वारंवार पडेल. तेव्हा “हे यंत्रच खराब आहे” म्हणून ते काढून टाकू नका. तक्रार ते यंत्र करत नाही, भिंत करते आहे.

दुसरे काम अर्थिंगच्या खड्ड्याचे. घराच्या पायापासून निदान दीड मीटर दूर खड्डा घेऊन त्यात साधारण अडीच मीटर लांबीची जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी नळी उभी पुरतात, भोवती कोळसा आणि मीठ यांचे थर देतात. हल्ली तयार रासायनिक भरणही मिळते. आपल्या जांभ्या जमिनीत आणि कातळावर वीज सहज मुरत नाही, म्हणून एक नळी पुरेशी न ठरता दोन किंवा तीन पुरून एकमेकींना जोडाव्या लागतात. काम झाल्यावर मिस्त्रीला यंत्राने मोजून दाखवायला सांगावे. ५ ओहमपर्यंत आकडा आला तर उत्तम. उन्हाळ्यात त्या खड्ड्यात पाणी घालायचे काम घरातल्या एखाद्या मुलाकडे सोपवावे, जसे तुळशीला शेजारी घालतात आणि आपण मोगऱ्याला घालतो.

तिसरे काम त्या खड्ड्यापासून हिरवी वायर घरात आणण्याचे. सगळ्या सॉकेटपर्यंत एकदम नेता आली तर चांगलेच, नाहीतर आधी गिझर, धुण्याचे यंत्र, फ्रिज आणि पाण्याचा पंप या चार ठिकाणी न्यावी. वायर तांब्याची आणि आयएसआय खुणेची घ्यावी. दिवे-पंखे आणि ६ अँपिअरच्या सॉकेटला दीड चौरस मिलिमीटर, १६ अँपिअरला अडीच, एसी आणि मोठ्या गिझरला चार, असे साधारण माप आहे. दिव्यांच्या एका सर्किटवर दहापेक्षा जास्त पॉइंट किंवा ८०० वॅटपेक्षा जास्त भार नसावा आणि १६ अँपिअरच्या एका सर्किटवर दोनपेक्षा जास्त सॉकेट नसावेत, असा वायरिंगचा जुना दंडक आहे. नवी मोठी यंत्रे घेतली असतील तर वीजबिलावर ‘मंजूर भार’ किती लिहिला आहे तेही पाहावे आणि कमी असेल तर वाढवून घ्यावा.

सॉकेट आणि त्याची पांढरी पट्टी, हे चौथे काम. आपण तेच पहिले करतो.

मिस्त्रीला तीन प्रश्न विचारावेत. पट्टी लावण्याआधी मागच्या तीन वायरी मला दाखवशील का? हिरवी वायर कुठपर्यंत गेली आहे, ते खड्ड्यापर्यंत चालत जाऊन दाखवशील का? खटका फेजवर आहे की न्यूट्रलवर? सॉकेटसमोर उभे राहिल्यावर वर अर्थिंग, उजवीकडे फेज, डावीकडे न्यूट्रल, असा क्रम असतो. खटका न्यूट्रलवर असेल तर बटण बंद केल्यावरही यंत्रात वीज राहते. हे प्रश्न अम्मींनी विचारले तरी चालतील. खरा कारागीर अशा प्रश्नांनी चिडत नाही.

आणि मिस्त्री कोण असावा? वैद्यकीचे ज्ञान नसताना जो उपचार करतो, तो नुकसानीला जबाबदार धरला जाईल, अशी शिकवण सुनन अबू दाऊदमध्ये आली आहे. आमच्या मते हा नियम वायरीला हात घालणाऱ्यालाही लावायला हरकत नाही. ‘मोहल्ल्यातला पोरगा आहे, स्वस्तात करतो’ ही काही पात्रता नव्हे. वायरमनचा परवाना सरकार देते, विद्युत ठेकेदाराला अनुज्ञप्ती लागते, ती पाहायला मागण्यात संकोच कसला? आपल्या पोरांना रोजगार मिळावा असे वाटत असेल, तर त्यांना आयटीआयमध्ये तारतंत्रीचा किंवा वीजतंत्रीचा अभ्यासक्रम करायला लावावा. मोहल्ल्याला शिकलेला वायरमन मिळेल आणि पोराला इज्जतीची रोटी.

शेवटी सगळ्यांत अवघड गोष्ट. हे काम न होण्यामागे पैशापेक्षा मोठे कारण आमच्या पाहण्यात येते. जुने घर सामायिक असते. अब्बांच्या पश्चात वाटणी झालेली नसते. एक भाऊ मुंबईला, एक आखातात, बहिणी आपापल्या सासरी. घरात राहते एकटी वृद्ध आई, फार तर एक सून आणि तिची मुले. ‘सगळ्यांच्या घराला मी एकट्याने का खर्च करू?’ असे प्रत्येकजण मनात म्हणतो. निकाहाच्या वेळी मात्र वर्गणी जमते, छताला पीओपी लागते, रंगीत दिव्यांच्या माळा त्याच जुन्या सॉकेटवर लटकतात, नव्या सुनेबरोबर आलेला फ्रिज त्यालाच जोडला जातो. वाटणीचा विषय शरीअतप्रमाणे ज्याच्या त्याच्या हिश्शाने मिटवावाच, त्याला उशीर करू नये. पण तोवर वायर थांबत नाही. भावा-बहिणींनी आपापल्या ऐपतीने रक्कम काढावी, हिशेब वहीत लिहून ठेवावा आणि वाटणीच्या वेळी तो धरावा. आईची खिदमत करायची संधी दूर राहणाऱ्याला कमी मिळते. तिच्या न्हाणीतल्या गिझरमागे हिरवी वायर आहे की नाही, हे कुवेतहूनही विचारता येते.

भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी घरमालकाला झिणझिण येत असल्याचे लेखी कळवावे. आणि घरमालक आपल्यापैकीच असेल, तर भाडे घेणे आणि धोका झाकून ठेवणे या दोन गोष्टी एकत्र नांदू शकत नाहीत, हे त्याने ध्यानात घ्यावे. मशिदीच्या कमिट्यांनीही वजूखान्याजवळचा पाण्याचा कूलर, मोटर आणि सभोवतालचे लोखंडी कठडे पावसाळ्याआधी तपासून घ्यावेत. तिथे प्रत्येकजण अनवाणी आणि ओल्या पायांनीच असतो.

दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात फेज, न्यूट्रल, अर्थिंग आणि फ्यूज हे सारे आहे. शाळेत मुले ते पाठ करतात, आकृती काढतात, गुण मिळवतात. या सुट्टीत त्यांना घराचा अभ्यास द्या. घरात किती सॉकेट आहेत, किती सैल आहेत, कुठे काळे डाग आहेत, कुठल्या वस्तूची पिन तीन पायांची असून ॲडाप्टरने दोन पायांत घातली आहे, हे फक्त पाहून वहीत लिहायचे. पट्टी उघडायची नाही, टेस्टर लावायचा नाही, ते काम वायरमनचे. आणि कोणाला शॉक लागलाच, तर त्याला हात लावू नये, आधी मेन स्विच बंद करावा. ते शक्य नसेल तर कोरड्या लाकडाने त्याला दूर ढकलावे, मग १०८ला फोन करावा. एवढे घरातल्या दहा वर्षांच्या मुलालाही पाठ असावे.

आरसीसीबीवर तपासणीचे एक छोटे बटण असते. महिन्यातून एकदा ते दाबून पाहायचे असते. दाबल्यावर घरातली वीज गेली पाहिजे. नवा चाँद दिसला की दुसऱ्या दिवशी ते बटण दाबायचे, असा नेम ठेवला तर विसर पडणार नाही. वीज गेली नाही, तर वायरमनला त्याच दिवशी बोलवावे.

अल्लाह आपल्या घरांना आणि घरातल्या माणसांना आपल्या हिफाजतीत ठेवो आणि आपल्या वाट्याचे काम वेळेवर करायची तौफीक देवो. आमीन.